तळहातावरचा जाळ

"आज तं लय धुकं पडलं वो," बाप फोनवर म्हणाला. "अजून उठलंच नाही. समोरची चिंच दिसून नाही राहिली."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. गोंदियात भर दुपार होती. समोरच्या राइस मिलच्या पत्र्यावर ऊन असं पडलं होतं की डोळे आपोआप मिटावेत. कोंड्याच्या ढिगावर दोन कुत्री सावली शोधत फिरत होती. आमचं गाव इथून फार लांब नाही, नागऱ्याच्या देवळावरून पुढे निघालं की स्कूटीवर अर्ध्या तासाचा रस्ता. इथं ऊन आणि तिथं धुकं, असं व्हायला आमच्या गावाला काही वेगळं आभाळ दिलेलं नाही. तेवढ्यात फोनमधून मागून मायचा आवाज आला, "डोये फोडते एवढं ऊन हाय, तुमाले कोठचं धुकं दिसते?" आणि बाप तिच्यावर खेकसला. मग मला म्हणाला, "मंडईले येजो. बाटली भेटली ना जवायाची?" भेटली, म्हटलं. फोन बंद झाला. मी तो हातात धरून बसून राहिले. मी दचकले होते, आणि कशाने दचकले हे मला पुरतं ठाऊक होतं. आमच्या कामात हे पहिल्याच वर्षी शिकवतात. मिथाइल प्यालेला माणूस पोट दुखतं म्हणतो, डोकं दुखतं म्हणतो, पण त्यातलं काहीच सांगितलं नाही तरी एक गोष्ट सांगतोच. तो म्हणतो, आज धुकं आहे.

मी दारू तपासते. हे सांगितलं की लोक हसतात, आणि एखादा तरी म्हणतोच की मग घोटभर घेऊन पाहता का. दारूभट्ट्यांचे नमुने येतात, पोलिसांनी धरलेले येतात. त्यात किती अल्कोहोल आहे आणि अल्कोहोलच्या आडून आणखी काय काय शिरलंय, ते मी शोधते. मिथाइल, म्हणजे पेंटवाल्यांच्या कामाचं स्पिरिट, चवीला जवळजवळ तसंच, वासाला तसंच, आणि पोटात गेल्यावर मुंगीच्या डंखात असतं ते आम्ल होऊन डोळ्यांच्या नसा खाणारं. बापाने काल एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिलेली बाटली माझ्या पिशवीत तशीच होती. दरवर्षी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या गावजत्रेच्या, आधी तो ती जावयासाठी पाठवतो. माझा नवरा दारूला शिवत नाही, हे त्याला बारा वेळा सांगून झालं आहे आणि त्याचा त्यावर विश्वास नाही. दरवर्षी मी ती मोरीत ओतते आणि वरून पाणी सोडते. या वेळी ओतायला विसरले होते. मी ती काढली, सुईत थेंबभर घेतलं आणि यंत्रात सोडलं. आमच्या प्रयोगशाळेतले श्यामलालजी डबा खाता खाता म्हणाले, "किसका सॅम्पल है, मॅडम? नंबर नहीं डाला?" मी म्हटलं, "घर का." ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे.

यंत्राला वेळ लागतो. पडद्यावर एक सपाट रेघ सरकत राहते आणि तिच्यासमोर बसून राहण्याशिवाय काही करता येत नाही. मी उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. अंगठ्याखाली, तळहाताच्या मधोमध, माझी कातडी गुळगुळीत आहे, चकचकीत, रेषा नसलेली. कॉलेजात एक मुलगी हात पाहायची. माझा पाहून म्हणाली, तुझ्या आयुष्याची रेषा मध्येच पुसली गेलीय, आणि सगळ्या जणी घाबरल्या. मी म्हटलं, पुसली नाही, बापाने जाळली. त्यावर त्या हसल्या. लोकांना खरं सांगितलं की हसतात, हे मी तेव्हाच शिकले.

आमच्या गावात दारू अशी तपासतात. मोहाची काढली की पाहुण्यांसमोर थोडी हातावर घ्यायची आणि काडी लावायची. जाळ निळा आला की माल अस्सल. पिवळा आला, धूर निघाला, की काहीतरी गडबड. दारूत पाणी असतं, त्यामुळे वरवर जळते आणि हाताला काही होत नाही. म्हणून तर ती ऐट. बाकीचे स्वतःच्या हातावर जाळत. माझ्या बापाला, ईश्वरदास पाटलाला, त्यात मजा वाटेना. तो मला बोलवायचा. मंडईचा दिवस, आंगणात खाटा, बायकोकडचे, बहिणीकडचे, दंडारीत नाचणारे-गाणारे लोक, आणि मधोमध मी, दोन वेण्या घालून, हात पसरून. "पाह्यजा, माही पोट्टी हालत नाही," तो म्हणायचा. तो ओतायचा, काडी ओढायचा, आणि माझ्या तळव्यावर निळं पाणी नाचायचं. मी खरंच हलत नसे. हलले तर नंतर काय होईल हे माहीत होतं. आणि खोटं कशाला बोलू, लोक वाहवा म्हणत तेव्हा मला ते आवडायचंही. बापाने माझ्याकडे इतकं लक्ष देऊन पाहिलेलं आयुष्यात दुसरीकडे कुठे आठवत नाही. तो खाटेवर रेलून, पेला गुडघ्यावर ठेवून, जाळ विझायची शांतपणे वाट पाहत बसायचा. मग एका मंडईला त्याने पहिल्या धारेची ओतली. पहिल्या धारेच्या दारूत पाणी कमी असतं. जाळ वरवर थांबला नाही, खाली उतरला. मी तरी हलले नाही. कातडीचा वास आला तो आधी पाहुण्यांना आला, मला नंतर. माय चुलीपाशी होती, ती धावत आली आणि तिने आपला तळवा माझ्या तळव्यावर थाडकन मारला, दाबून धरला. तिचाही भाजला. बाप हसून पाहुण्यांना म्हणाला, "पहिल्या धारेची निघाली वाटते!" आणि सगळे हसले. अस्सल होती ना.

रेघ सरकत होती. मला घाम आला होता आणि मला त्या घामाचा राग येत होता. माय आठवत होती. मायने आयुष्यात त्याला दारू ओतून दिली नाही. स्वयंपाक केला, पाय दाबले, त्याची ओकारी काढली, पण पेला हातात धरला नाही. "माह्या हातानं देणार नाही," एवढं एकच वाक्य तिच्याजवळ होतं, आणि त्या एका वाक्यासाठी तिने जो मार खाल्ला त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. लाकडाने, पट्ट्याने, एकदा पाण्याच्या पितळी गुंडाने. त्याला दारू ओतून द्यायला घरात कुणीही होतं, पण त्याला तिच्याच हातची हवी होती. एकदा त्याने तिचा जबडा धरला. बोटं गालात रुतवून तोंड उघडलं आणि ओतली. "पे," म्हणाला. "नाही देत ना, मंग पे." ती दातांमधून बाहेर येत होती, गळ्यावरून, लुगड्यावर. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि मनात त्याला मारत होते. कुऱ्हाडीने, विळ्याने, हातात येईल त्याने. त्या वयापासून मी त्याला इतक्या प्रकारांनी मारलं आहे की खरोखर मेला तर मला नवीन काही वाटू नये.

पडद्यावर टेकडी उठली. प्यायच्या अल्कोहोलची टेकडी नंतर येते. ही तिच्या आधी आली, मिथाइलच्या जागी, जिथे येऊ नये तिथे, आणि चढतच गेली. ती एवढी उंच गेली की तिच्यामागून आलेली दुसरी टेंगळासारखी दिसू लागली. मी आकडा पाहिला नाही. पाहायची गरज नव्हती.

मी दुर्गेशला फोन लावला. दुर्गेश माझा धाकटा भाऊ, शेती तोच पाहतो. मागे ढोलकी वाजत होती, दंडारवाले सराव करत असावेत. मी म्हटलं, बाबांनी या वेळी दारूत काय मिसळलं? तो आधी टाळत होता. मग म्हणाला, "मोह झालाच नाही ना ताई औंदा, गारपिटीनं फुलं झडले. पाहुने तं येनारच. मंग बाबानं त्या गुड्डूकडून स्पिरिट आनलं, पेंटच्या दुकानातला. तो म्हने, चाचा, एकदम असली माल है." कुणी प्यालं का? "कोनी नाही. तुले माहीत हाय ना, बाबा पहिले आपन चाखते आदल्या रोजी, देवाले थेंब देते, मंग प्लास्टिकच्या डबक्या बंद. आता पाहुने आले का खोलू." मी म्हटलं, उचल त्या डबक्या आणि आत्ताच्या आत्ता उकिरड्यावर ओत. विष आहे. तो माझी समजूत काढावी तशा आवाजात म्हणाला, "ताई, जाळून पाह्यली ना बाबानं. आचलच्या हातावर. निळा जाळ आला, मस्त."

आचल दुर्गेशची मुलगी. तिला दोन वेण्या घालतात.

मी किंचाळले असेन, कारण श्यामलालजी डबा ठेवून उभे राहिले. मिथाइलचाही जाळ निळाच असतो, मूर्खा, मी म्हणाले. निळाच असतो. आमच्या बापजाद्यांनी हातावर जाळून जाळून जे शहाणपण गोळा केलं ते एवढंच, की जळतं ते चांगलं. दुर्गेश घाबरला. त्याने डबक्या ओतल्याचा आवाज ऐकवल्याशिवाय मी फोन ठेवला नाही. भडभड, भडभड, आणि मागून बापाच्या शिव्या, "कोन ओतून राहिला रे? कोन हाय तो? हात तोडून टाकीन." कोन हाय तो. आपल्या मुलाला तो दहा पावलांवरून ओळखत नव्हता.

फोन ठेवल्यावर एकदम शांत वाटलं. पाहुणे वाचले होते. दंडारवाले वाचले होते. दुर्गेशला अजून कळलं नव्हतं की बापाने काल संध्याकाळी जे चाखलं ते आत काम करून राहिलं आहे. मायला वाटत होतं म्हातारा बरळतो. धुक्याचा अर्थ लावू शकेल असं त्या अख्ख्या गावात कुणी नव्हतं. होते ती मी, इथं, स्टुलावर. मला काहीच करायचं नव्हतं. कुऱ्हाड नको, विळा नको. फक्त फोन उचलायचा नाही. संध्याकाळपर्यंत त्याला काहीच दिसेनासं झालं असतं, मग श्वास लागला असता, विहिरीतून वर यायला धडपडणाऱ्या माणसासारखा, आणि लोक म्हणाले असते, वय झालं होतं, मंडईच्या दिवशी गेला, भाग्यवान. मी डोळ्यांसमोर आणलं. त्याचं तोंड उघडं, हात हवेत चाचपडताना. मला ते पाहून आनंद झाला. हो, आनंदच झाला, त्याला दुसरं नाव देऊन काय उपयोग. आचलच्या हातावर जाळ नाचताना पाहिला आणि तो आनंद आणखी पक्का झाला. मर, मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

तेवढ्यात यंत्राच्या काचेत मी मलाच दिसले. मी मागे रेलले होते. पाण्याचा ग्लास गुडघ्यावर होता, आणि मी शांतपणे कशाची तरी वाट पाहत होते. पेला गुडघ्यावर ठेवून, जाळ आपोआप विझायची वाट पाहत, अगदी तशीच बसले होते मी. नाक तर त्याचंच आहे, ते लहानपणापासून सगळे सांगत आले. बसणंही त्याचंच निघालं. मी ग्लास भिंतीवर फेकला. श्यामलालजी "अरे, अरे" करत राहिले. मला बापाची दया आली नव्हती, आजही येत नाही. पण त्याच्यासारखं बसून मी त्याला मारणार नव्हते.

सरकारी दवाखान्यातला एक डॉक्टर ओळखीचा आहे, आमच्याकडे नमुने पाठवतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, गाडी पाठवतो, पण मंडईची गर्दी, रस्ता जाम, वेळ लागेल. घरात चांगली दारू असेल तर द्यायला सुरुवात करा, मी सांगतो तेवढी, थांबून थांबून. मला ते माहीत होतं. शरीर आधी चांगल्या दारूच्या मागे लागतं आणि तोवर मिथाइलला हात लावत नाही. दारूवर उतारा दारूचाच. हे पुस्तकात वाचलं होतं तेव्हा मी परीक्षेत लिहून आले होते, पूर्ण मार्कांसाठी, आणि मनात काहीही आलं नव्हतं.

घरात चांगली दारू होती. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली, पहिल्या धारेची, मायची. माय ती गुडघ्यांना चोळायची आणि धानाच्या कोठीमागे लपवून ठेवायची. मी तिला फोन करून सगळं सांगितलं, सोपं करून. ती ऐकत राहिली. मग म्हटलं, माय, ती बाटली काढ आणि त्यांना पाज. थोडी पाणी घालून. मी निघालेच आहे.

"मी?" ती म्हणाली. "माह्या हातानं?"

फोन कुणी आधी ठेवला ते आठवत नाही.

रस्ताभर गर्दी होती. नागऱ्याच्या पुढे बैलगाड्या, टमटम, फुगेवाले, नवे कपडे घातलेली पोरं. मी हॉर्न वाजवत, शिव्या देत, एकाच्या सायकलला घासून गेले. शेतात धान कापून आडवं पडलेलं होतं आणि त्यावर ऊन, ऊन, सगळीकडे पांढरं फटफटीत ऊन. घरी पोचले तर आंगणात कुणी नव्हतं. बातमी पसरल्यावर पाहुणे शेजारच्या घरात जाऊन बसले होते. दुर्गेश गाडीसाठी सडकेवर उभा होता. ओसरीवर बाप खाटेवर बसलेला, डोळे सताड उघडे, भिंतीकडे. त्याच्यासमोर जमिनीवर माय. तिच्यापुढे बाटली, पितळेचा पेला, पाण्याचा लोटा. बाटलीचं बूच लावलेलंच होतं.

"माह्यानं नाही होत वो, मंजू," ती म्हणाली. "हात उठून नाही राहिला."

मी बूच काढलं. वास आला, खरा, मोहाचा, गोड आणि जाड. बापाने मान वळवली. "कोन? मंजी?" मी म्हटलं, बाबा, तुमच्या पोटात विष गेलं आहे, हे घ्या, यानं थांबेल. तो म्हणाला, "विष मनते आन् दारू देते. मले काय येडा समजते? माह्या डबक्या ओतल्या तुमी साऱ्यायनं." मी पेला तोंडाशी नेला. त्याने हाताने तो बाजूला सारला. "जाळून दाखव पहिले." मला वाटलं चुकून ऐकलं. "जाळून दाखव," तो पुन्हा म्हणाला. "जाळल्याबिगर मी पेत नाही. आचलले बलाव."

"आचलले नाही," मी म्हणाले. "तुमचा हात आना."

त्याने खुशाल हात पुढे केला. उताणा, मोठा, नांगराच्या घट्ट्यांचा. मी त्यावर बाटली कलती केली, पाणी न घालता, आणि चुलीवरची काडेपेटी घेऊन काडी ओढली. निळा जाळ उठला. तो त्याकडे पाहत होता, म्हणजे डोळे त्या बाजूला होते.

"लागला का?"

"लागला."

"निळा हाय?"

"निळाच हाय."

त्याच्या कपाळावर आठी आली. बोटं आखडली. "काऊन जळून राहिलं?" तो म्हणाला. "मंजे, काऊन जळून राहिलं वो हे?"

"पहिल्या धारेची हाय, बाबा," मी म्हणाले.

आणि मी हलले नाही. मला हलता येत होतं. पाण्याचा लोटा हाताशी होता. मी पाहत होते तो जाळ खाली उतरताना, आणि तो ओरडला तरी पाहत होते. त्याने हात झटकला तसा जाळ मनगटाकडे पळाला. तेव्हा माय उठली. गुडघ्यांनी हलू न शकणारी बाई, कशी उठली कोण जाणे. तिने आपला तळवा त्याच्या तळव्यावर थाडकन मारला आणि दाबून धरला, माझ्यासाठी धरला होता तसाच, तेवढ्याच जोराने. मला तिचा भयंकर राग आला. जाळ विझला. माझ्या नाकात जुना वास होता.

बाप हुंदके देत होता, रागाने की वेदनेने ते कळत नव्हतं. मायने त्याचा हात सोडला. पदराला हात पुसला. मग खाली बसली, बाटली घेतली आणि पेल्यात ओतली, वर पाणी घातलं, मला विचारलं, "एवढी?" मी मान हलवली. बांगड्यांचा आवाज त्याच्या तोंडाजवळ आला तसा तो थबकला. तो आवाज त्याला ओळखू आला होता.

"तू?" तो म्हणाला. "तू कायले देऊन राहिली?"

पेला ओठांना लागला तसा तो मागे सरकला, भिंतीला टेकला. आयुष्यभर त्याने जे मागितलं, जे मिळालं नाही म्हणून तिची हाडं मोडली, ते समोर आलं होतं, आणि तो घाबरला होता. मी त्याला घाबरलेला कधी पाहिला नव्हता. "नको," तो म्हणाला. "मंजे, तू दे. इच्या हातची नको. ही मले मारते. ही मले आज मारते." त्याने दात आवळून घेतले.

दूर सडकेवर गाडीचा भोंगा वाजला आणि मंडईच्या गर्दीत अडकून तिथेच वाजत राहिला.

मायने डावा हात वर नेला, त्याचा जबडा धरला, बोटं त्याच्या गालात रुतवली आणि त्याचं तोंड उघडलं.

"पे," ती म्हणाली.